दवाखान्याच्या गाळ्याचं इंटिरियर: आधी जंतुनाशक ठरवा, मग कॅटलॉग उघडा

गाळ्याचा ताबा मिळाला की डॉक्टर, त्यांच्या घरची मंडळी आणि इंटिरियरवाला एकत्र बसतात. मोबाइलवर फोटो फिरतात, रिसेप्शनच्या मागे कुठला रंग घ्यायचा यावर तासभर चर्चा होते. इथली साफसफाई रोज कशाने होणार, हे मात्र उद्घाटनानंतर ठरतं. मग पहिला पावसाळा सरता सरता बेसिनखालच्या कपाटाची कड फुगते, स्टीलच्या ट्रॉलीवर तांबूस ठिपके उठतात आणि तपासणीच्या कॉटचं रेक्झिन तडकतं. माल वाईट असतो असं नाही. त्याच्यावर रोज हायपो आणि स्पिरिट ही जंतुनाशकं पडणार आहेत, हे निवडताना कुणाच्या डोक्यात नसतं.

हा लेख चारशे-पाचशे चौरस फुटांच्या साध्या दवाखान्यासाठी आहे: वेटिंग, तपासणीची खोली, ड्रेसिंगची छोटी खोली, एक टॉयलेट. दातांचा दवाखाना, रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर, पाळणाघर किंवा ब्युटी पार्लर यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. ऑपरेशन थिएटरचे नियम वेगळे आणि कडक असतात, त्यात इथे शिरत नाही.

पायरी १: बादलीत काय असणार ते लिहून काढा

जंतुनाशक काम करतं ते स्वच्छ पृष्ठभागावर. रक्त, पू, धूळ, तेलकटपणा असेल तर हायपोमधलं क्लोरीन त्या मळावरच खर्च होतं आणि जंतूंपर्यंत कमी पोहोचतं. म्हणून पृष्ठभागाकडून दोन गोष्टी हव्यात. साबणाच्या पाण्याने एका हातात पुसून निघायला हवा, आणि त्यानंतरचं रसायन त्याने वर्षानुवर्षं सोसायला हवं. गुळगुळीत लॅमिनेट पहिल्या परीक्षेत पास होतं आणि त्याची कड दुसरीत नापास होते, हे नेहमी दिसतं.

आपल्याकडे दवाखान्यात साधारण चार गोष्टी वापरात असतात. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं हायपो, स्वस्त आणि जोरदार आहे. रक्त सांडलं तर बहुतेक ठिकाणी १ टक्क्याचं वापरतात. बाटली ५ टक्क्यांची असेल तर एक भाग हायपोला चार भाग पाणी. नेहमीच्या पुसण्याला त्याहून बरंच सौम्य चालतं. ऊन आणि उष्णतेत त्याचा जोर उतरतो, म्हणून रोज ताजं करावं लागतं. ते स्टीलला खड्डे पाडतं, पितळ काळवंडवतं आणि कापडाचा रंग उडवतं.

दुसरं ७० टक्के अल्कोहोल, म्हणजे स्पिरिट. पाण्याशिवाय जंतूंची प्रथिनं नीट गोठत नाहीत, त्यामुळे शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचं जास्त परिणाम करतं. ते ॲक्रिलिकला बारीक तडे पाडतं आणि रेक्झिनमधला मऊपणा शोषून घेतं. तिसरी क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणं, बाटलीवर बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असतं. ती बहुतेक पृष्ठभागांना सौम्य पडतात, पण सुती फडकं त्यांना धरून ठेवतं आणि फरशीवर कमी सोडतं. मायक्रोफायबरचं फडकं घ्या. चौथं फिनेल. वासाने समाधान मिळतं, पण त्याच्या भरवशावर ड्रेसिंगची खोली सोडू नका.

टॉयलेटचं ॲसिड आणि हायपो कधीही एकत्र येता कामा नये, एकामागोमाग एक ओतूनही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद टॉयलेटमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. साफसफाईच्या मावशींना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

प्रत्येक रसायनाला काम करायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो. हायपोसाठी दहा मिनिटं धरतात. पंख्याखाली स्पिरिट त्याच्या कितीतरी आधी उडून जातं, म्हणून ते लहान वस्तूंसाठी ठेवा. रोज दहा मिनिटं ओलं याचा अर्थ प्रत्येक सांधा, प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक रोज दहा मिनिटं ओलं. साहित्य निवडण्याची खरी कसोटी इथे आहे.

पायरी २: हात कुठे लागतात ते पाहा

एखाद्या चालू दवाखान्यात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन बसा आणि फक्त हातांकडे बघा. दाराची मूठ, रिसेप्शन ओट्याची पुढची कड, खुर्चीचा हात, उठताना टेकलेली भिंत, पंख्याचं बटण, नळ, ड्रॉवरची मूठ. लहान मुलं ओट्याच्या खालच्या पुढच्या फळीला दोन्ही हात लावून उभी राहतात, नकाशावर ती जागा कुणी धरत नाही. स्टूल ओढताना डॉक्टर स्वतः बैठकीखाली बोटं घालतात.

ही यादी झाली की खर्चाचं गणित सोपं होतं. पैसा हाताच्या उंचीवर आणि ड्रेसिंगच्या खोलीत घाला. छत आणि सात फुटांवरची भिंत यांना साधं, धूळ न धरणारं काम पुरेसं आहे. लाकडी पट्ट्यांचं पॅनेल मनात असेलच तर ते वर लावा. सध्या रिसेप्शनमागे उभ्या खाचांची पॅनेलं लावायची लाट आहे. हाताच्या उंचीवर ती माझ्या मते दवाखान्यात नकोतच. प्रत्येक खाचेत बोटाने फडकं घालून पुसणारा माणूस तुमच्याकडे असणार नाही.

पायरी ३: फरशी, आणि फरशीपेक्षा तिचे सांधे

व्हिट्रिफाइड टाइल हा बहुतेक दवाखान्यांसाठी रास्त पर्याय आहे. तिचं पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत असतं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं १० टक्क्यांच्या वरही जातं. पण चकचकीत पॉलिश केलेल्या डबल चार्ज (रंगाचे दोन थर दाबून केलेल्या) टाइलमध्ये पॉलिशमुळे सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. वरचा कोट झिजला की त्यात डाग बसतात. चकाकी नसलेली ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, हाताला रेशमी लागणारी, जास्त बरी. खरखरीत अँटिस्किड टाइल ड्रेसिंगमध्ये नको, तिच्या खडबडीतपणात मळ धरतो. टॉयलेटमध्ये मात्र पाय घसरणार नाही अशीच हवी, तिथे आर-१० दर्जाची टाइल मागा.

आता सांधे. १०×१० फुटांच्या खोलीत १×१च्या टाइल घातल्या तर सांध्यांची एकूण लांबी १८० फूट होते. २×२ घातल्या तर ८०, आणि २×४ घातल्या तर ६०. मोठी टाइल घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, दिसणं नंतर.

टाइलला टाइल चिकटवून वरून पांढरा सिमेंट फिरवण्याची सवय अजून गेलेली नाही. असा सांधा केसाएवढा असतो, त्यात काहीच नीट भरलं जात नाही आणि जे भरलं जातं ते सच्छिद्र असतं. ड्रेसिंग टेबलाच्या पायाशी असा सांधा पाहा. बेटाडिनचा थेंब पडतो, मावशी लगेच पुसतात, टाइल स्वच्छ निघते. सांध्यात मात्र पिवळसर तपकिरी रेघ उरते. बेटाडिन रंगीत असल्यामुळे ते दिसलं. त्याच वाटेने आत गेलेला पू किंवा लघवी दिसत नाही.

म्हणून २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर लावून टाइल बसवा आणि निदान ड्रेसिंगची खोली, टॉयलेट व बेसिनच्या आसपास इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरा. रेझिन, हार्डनर आणि पावडर असे तीन भाग त्यात येतात. एका वेळी थोडंच कालवायचं, कारण ते लवकर घट्ट होतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर. टाइलवर पसरलेला थर ओला असतानाच पुसला पाहिजे. एकदा वाळला की खरवडावा लागतो आणि टाइलची चकाकी त्यात जाते. ज्या कारागिराने हे आधी केलेलं आहे त्यालाच काम द्या आणि पहिला कोपरा स्वतः समोर उभं राहून करून घ्या. ग्राउट भरण्याआधी नाण्याने टाइल ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती काढून पुन्हा बसवायला सांगा, नाहीतर ती हलेल आणि सांध्याला तडा जाईल.

जुन्या इमारतीत कोटा किंवा शहाबादी असेल आणि ती शाबूत असेल तर उखडायची घाई करू नका. सांधे खरवडून पुन्हा भरा, पॉलिश करून घ्या. फक्त हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरासारखेच. ॲसिड पडलं की फसफसतात आणि खरबरीत होतात. टॉयलेटमध्ये म्हणून ते नकोत.

व्हिनाइल शीट रुग्णालयांत वापरतात ते याच कारणासाठी: २ मिलिमीटरची एकजिनसी शीट, सांधे गरम हवेने वितळवून जोडलेले, आणि तीच शीट भिंतीवर चार इंच वर वळवलेली. ड्रेसिंगच्या खोलीसाठी उत्तम. पण खालचा कोबा पूर्ण कोरडा हवा. तळमजल्याच्या गाळ्यात आधी ही चाचणी करा: दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने कोब्यावर घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब धरले तर व्हिनाइल फुगणार. बाजारात लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या सुट्या पट्ट्याही मिळतात. त्यांना वेल्डिंग नसतं, त्यामुळे त्या या कामाच्या नाहीत.

पायरी ४: फरशी आणि भिंत जिथे भेटतात

नेहमीची स्कर्टिंग भिंतीच्या पुढे अर्धा इंच येते आणि वर धुळीचा कट्टा तयार होतो. खाली ९० अंशांचा कोपरा असतो, त्यात पोछ्याची टोकं पोहोचत नाहीत, उलट ती मळ तिथे ढकलतात. गच्चीच्या कामात मिस्त्री जशी गोलाई, म्हणजे वाटा, काढतात, तशीच निदान ड्रेसिंगच्या खोलीत काढून घ्या. टाइलमध्ये तयार गोलाईचे तुकडे किंवा प्रोफाइल मिळतात. स्कर्टिंग भिंतीच्या पातळीत बसवायची असेल तर प्लॅस्टरच्या आधी सांगावं लागतं. नंतर सांगितलं तर भिंत फोडायला लागते, म्हणून ही गोष्ट पहिल्याच ड्रॉइंगवर लिहा.

पायरी ५: भिंती

ओल असेल तर आधी ती थांबवा. ओल्या भिंतीवर कुठलाही महागडा रंग टिकत नाही, आणि पावसाळ्यात पुट्टी नीट वाळण्याआधी रंग मारला तर पुढच्या वर्षी पापुद्रे निघतात.

डिस्टेंपर नको, ओलं फडकं फिरवलं की तो हाताला येतो. वेटिंगमध्ये धुता येणारा, थोडी चकाकी असलेला ॲक्रिलिक इमल्शन चालतो. चकाकीत भिंतीचे उंचसखल भाग उठून दिसतात, तेव्हा पुट्टीचं काम सफाईदार हवं. ड्रेसिंगच्या खोलीत आणि बेसिनमागे सात फुटांपर्यंत टाइल लावा किंवा दोन भाग मिसळून लावतात तो इपॉक्सी रंग घ्या. टाइल जिथे संपते तिथे कट्टा राहू नये, तिचा पृष्ठभाग प्लॅस्टरच्या पातळीत आणा. बाहेरच्या कोपऱ्यांना चार फुटांपर्यंत कॉर्नर गार्ड हवेच, कारण स्ट्रेचर किंवा खुर्ची आपटून उडालेला टवका पुढे कधीच नीट पुसला जात नाही.

छताला साधं सपाट काम करा. पीओपीच्या नक्षीवर धूळ बसते, आणि एसीचं पाणी गळलं की खनिज तंतूंच्या टाइल ते शोषून ठेवतात.

पायरी ६: ओटा आणि कपाटं

फर्निचर मरतं ते कडांनी. बेसिनसाठी प्लायमध्ये कापलेल्या भोकाची कड पाहा, बहुतेक ठिकाणी ती उघडीच असते, कारण वरून दिसत नाही. पाणी तिथूनच आत जातं. सुताराला सांगा: आयएस ७१० दर्जाचा (मरीन) प्लाय, कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सी किंवा जलरोधक लेप, मगच बेसिन. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ओल्या भागात अजिबात नको. दर्शनी कडांना २ मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी मशिनवर चिकटवून घ्या, हाताने चिकटवलेली लवकर सुटते. टॉयलेटमध्ये आणि बेसिनखाली प्लायऐवजी पीव्हीसी बोर्ड घ्यायला हरकत नाही.

वरचा पत्थर कोणता? घट्ट विणीचा काळा ग्रॅनाइट टिकाऊ असतो आणि खिशाला झेपतो. त्याला सीलर लावा आणि भिंतीशी सिलिकॉनने सांधा बंद करा. क्वार्ट्झ दिसायला एकसारखा, पण त्यात राळ असल्याने जोरदार हायपो वारंवार राहिलं तर त्याची चकाकी उतरते. सॉलिड सरफेस, म्हणजे राळ आणि खनिज भुकटीचा एकजिनसी कृत्रिम पत्थर, महाग पडतो, तरी ड्रेसिंगच्या ओट्यासाठी मी त्याचाच आग्रह धरेन. त्याचे सांधे त्याच रंगाच्या चिकटद्रव्याने जोडून घासले की दिसत नाहीत आणि लागत नाहीत, भिंतीकडे गोलाई काढता येते, बेसिन त्यातच जोडता येतं, ओरखडा पडला तर घासून काढता येतो. बजेट कमी असेल तर तेवढा एकच ओटा त्याचा करा आणि रिसेप्शनचा ग्रॅनाइटचा.

कपाट जमिनीपासून सहा इंच उंच पायांवर हवं, म्हणजे खालून पोछा जातो, नाहीतर पूर्ण बंद करून फरशीशी सील केलेलं. अर्ध्या इंचाची फट सगळ्यात वाईट. वरती छतापर्यंत न्या किंवा माथा उतरता करा. हँडल असं घ्या ज्याच्या मागे दोन बोटं फडक्यासकट जातील. कपाटाच्या दाराच्या कडेत खाच असलेली प्रोफाइल हँडलं दिसतात सुंदर, पण त्या खाचेत हाताचा मळ साचतो.

पायरी ७: बेसिन, नळ, स्टील

बेसिनला ओव्हरफ्लोचं भोक नको, त्याच्या आतला मार्ग कधीच साफ होत नाही. नळाची धार थेट जाळीवर पडू नये. ड्रेनमध्ये सूडोमोनाससारखे जंतू घर करतात आणि धारेच्या जोराने त्यांचे शिंतोडे बाहेर उडतात. धार बेसिनच्या उतारावर पडेल असा नळ निवडा. औषधांचा आणि ड्रेसिंगचा ट्रे बेसिनपासून निदान तीन फूट लांब, जागा नसेल तर मध्ये काचेची आडपट्टी. नळ कोपराने उघडता येणारा, लांब दांड्याचा. सेन्सरचा चांगला असतो, पण वीज किंवा सेल गेले की बंद पडतो.

स्टीलमध्ये ३०४ दर्जा मागा. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेत शक्य असेल तिथे ३१६, त्यात मॉलिब्डेनम असल्याने तो क्लोराइडला जास्त तोंड देतो. बाजारात ३०४च्या भावात २०२ खपवला जातो. लोहचुंबक लावून पाहण्याचा काही उपयोग नाही, कारण दोन्हींना तो चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घ्या आणि विक्रेत्याकडून थेंब टाकून करायची रासायनिक चाचणी समोर करून घ्या. वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं हवं, रिव्हेट नकोत. आणि कितीही चांगलं स्टील असलं तरी हायपोनंतर साध्या पाण्याने पुसायलाच हवं.

पायरी ८: बसायच्या आणि टांगायच्या वस्तू

वेटिंगला भोकांच्या स्टीलच्या तीन-सीटर खुर्च्या किंवा एकसंध साच्यातल्या प्लॅस्टिकच्या. कापडी सोफा नको. तपासणीच्या कॉटला बटणं आणि गोट नसलेलं रेक्झिन, शिवण खालच्या बाजूला. पॉलियुरेथेनचं कृत्रिम लेदर दमट हवेत सालं टाकतं, कोकणात तर हमखास. कव्हर फाटलं की चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. आतला फोम ओला झाला तर तो निर्जंतुक करायचा काही मार्ग नाही.

रिसेप्शनवरची पारदर्शक आडपट्टी ॲक्रिलिकऐवजी टफन्ड काचेची घ्या, स्पिरिटने ती धूसर होत नाही. खिडकीला पडद्याऐवजी फिल्म. कॉटभोवतीचा पडदा लागतोच, त्याचे दोन संच ठेवा.

आता ‘अँटिबॅक्टेरियल’ रंग आणि लॅमिनेटबद्दल. कंपन्या ज्या आयएसओ २२१९६ चाचणीचा दाखला देतात, ती ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत, जंतूंचा द्रव फिल्मखाली २४ तास ठेवून केली जाते. तुमच्या कोरड्या ओट्यावर दर पाच मिनिटांनी नवा हात पडतो. त्यामुळे साफसफाईला पर्याय म्हणून त्यासाठी जादा पैसे देऊ नका. तांब्याची गोष्ट थोडी वेगळी. तांबं आणि पितळ जंतूंना खरंच मारतात, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना तशी नोंदणीही दिली. दाराची पितळी मूठ घ्या, जरूर घ्या, पण लाखेचा लेप नसलेली. परिणामाला तासभर-दोन तास लागतात, आणि हायपोने ती काळी पडते, म्हणून स्पिरिटने पुसा.

पायरी ९: ऑर्डर देण्याआधीची चाचणी, ताबा घेतानाची कागदपत्रं

विक्रेत्याकडून प्रत्येक साहित्याचा नमुना घरी आणा. त्यावर तीन कापसाचे बोळे ठेवा: एक १ टक्का हायपोत, एक स्पिरिटमध्ये, एक बेटाडिनमध्ये भिजवलेला. वर वाटी पालथी घाला, अर्ध्या तासाने धुऊन पाहा. असं आठवडाभर रोज करा. कापलेल्या कडेवरही करा, नुसत्या दर्शनी बाजूवर नाही. रंग बदलला, हाताला चिकट लागला, कड फुगली तर तो माल बाद.

ताबा घेताना घाई नको. इपॉक्सी ग्राउटवर दुसऱ्या दिवशी चालता येतं, पण रसायनं सोसायला त्याला आठवडाभर द्या. रंगाला त्याहून जास्त, डब्यावर लिहिलेलं असतं ते पाळा. तोवर फक्त ओलं फडकं. ठेकेदाराकडून टाइल, ग्राउट, लॅमिनेट, रंग यांचे शेड नंबर एका कागदावर घ्या आणि प्रत्येक टाइलचे चार-सहा नग माळ्यावर ठेवा, तोच लॉट पुन्हा मिळत नाही. मावशींसाठी ठळक मराठीत तक्ता लावा: कुठल्या पृष्ठभागाला काय, किती मापाचं, किती वेळ, नंतर पाण्याने पुसायचं की नाही. माप ‘झाकण’ आणि ‘मग’ यांत लिहा, टक्क्यांत नाही, आणि तो तक्ता भिंतीला चिकटवण्याआधी त्यांच्याकडून एकदा वाचून, करून घ्या.